वाळूत गाडलं की वाढणारं गवत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशीचा फोनवर पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. "आपलं आजव्याच्या तलावाचं. तुमच्याकडे कुठलं गं?" मी म्हटलं, इथे नेदरलँड्समध्ये वाळूतलं.

खरंच तसं आहे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं पाणी बडोद्यात आणलं त्याच्याही आधी, १८५३ साली, ॲमस्टरडॅमला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून नळाने पाणी आलं. टेकड्यांच्या पोटात साठलेलं पावसाचं गोडं पाणी ते. पुढे उपसा इतका वाढला की खालचं खारं पाणी वर सरकू लागलं. म्हणून १९५७पासून ऱ्हाईन नदीचं पाणी आधी थोडं साफ करून या टेकड्यांत सोडतात. वाळूतून ते झिरपलं की पुन्हा उपसतात. शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा आजही असाच येतो.

आमचं फील्डवर्क अशाच टेकड्यांत, हार्लेम शहराच्या पश्चिमेला, झाउद-केनेमरलंट राष्ट्रीय उद्यानात चालतं. भरतीच्या रेषेपासून आत सरळ दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर एक मीटरची चौकट टाकायची आणि आत काय उगवलंय, कोणी किती जागा घेतलीय ते लिहायचं. मग उतार मोजायचा, मातीचा नमुना घ्यायचा. काम एवढंच, पण दोरीच्या कडेने चालताना पावलागणिक वनस्पती बदलत जातात. सगळ्यात पुढे खारं पाणी सोसणारी थोडीशीच रोपं. मग हेल्म गवताचे झुबके. त्यामागे नारिंगी फळांची काटेरी झुडपं. यांच्या मुळांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. आणखी आत शेवाळ आणि दगडफूल. तिथलं शेवाळ कोरडं पडलं की मेल्यासारखं काळपट दिसतं आणि पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवं होतं. मी हे पुन्हा पुन्हा करून पाहते.

पण माझा जीव जडलाय तो हेल्मवर. कोरडा वारा सुटला की हे गवत पान आतल्या बाजूला गुंडाळून घेतं, त्यामुळे पानाची रंध्रं आत झाकली जातात आणि पाणी वाचतं. अंगावर वाळू साचली तर ते गुदमरत नाही, वर्षाला जवळजवळ एक मीटर वाळूतूनही वर येतं. उलट वाळू यायची थांबली की खुरटतं. कारण जुन्या, स्थिर वाळूत त्याच्या मुळांना त्रास देणाऱ्या बुरशा आणि सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, जमतात, ताज्या वाळूत ते नसतात. डच संशोधकांनी हे १९९३ साली दाखवून दिलं.

डच लोकांनी मात्र शतकानुशतकं हेच गवत लावून वाळू जागच्या जागी बांधून ठेवली. समुद्रसपाटीच्या खाली राहणाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. १९५३च्या पुरात इथे १८३६ माणसं गेली, ती आठवण अजून ताजी आहे. पण टेकड्या अगदी थिजल्या. त्यात गोठ्यांमधून आणि गाड्यांच्या धुरातून येणारा नायट्रोजन खतासारखा पडू लागला. दाट गवत माजलं आणि लहान रोपं दडपली. म्हणून २०१२-१३च्या हिवाळ्यात या उद्यानात समुद्राकडच्या टेकडीला मुद्दाम पाच खिंडी पाडल्या. मागे टेकड्यांचा पट्टा रुंद आहे, म्हणूनच ते धाडस करता आलं. आता त्या खिंडींतून शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू वाऱ्याबरोबर आत येते. आज इथे वाळू उडते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

आपल्याकडे वाळू धरून ठेवायचं काम समुद्रकाठची मर्यादवेल करते. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळट गुलाबी फुलं, पेरापेराला मुळं. बीचवर बाकडी आणि पेव्हर ब्लॉक टाकताना सगळ्यात आधी तीच उपटली जाते आणि तिची कुणी नोंदही ठेवत नाही, हे मला फार लागतं. दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून कोणी वलसाडजवळच्या तीथलला किंवा कच्छच्या मांडवीला जाणार असेल, तर माझ्यासाठी एवढं बघाल? वेल कुठपर्यंत पसरलीय, तिच्यावर वाळू साचलीय की खालची वाळू निघून मुळं उघडी पडलीत? फोटो काढाल तेव्हा भरतीची रेषाही त्यात येऊ द्या, म्हणजे वेल समुद्रापासून किती लांब आहे ते मला इथून कळेल.