हाताले तिखट झोंबते

खिचडी वाढून झाली होती. चौथीतली एक मुलगी ताटासमोर दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेली. दोनदा सांगितलं, जेव. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, हाताले तिखट झोंबते."

तो दिवस २० डिसेंबरचा, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा. बाबांचं शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. १९५६ साली त्यांनी देह ठेवला तोही इकडेच, वलगावजवळ. त्यामुळे दर्यापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या लहानशा गावातही हा दिवस आपल्या घरचा असतो. सकाळी पोरांनी खराटे घेऊन ग्रामपंचायतीपासून मारुतीच्या पारापर्यंतचा रस्ता झाडला होता. मग स्वच्छतेवर मी दहा मिनिटं बोलले होते. हात धुण्यावर तर जास्तच, कारण तो माझा आवडीचा विषय.

तिचा हात मी हातात घेतला. तळवा बरा होता. उलटा केला आणि बघवेना. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, त्यावर बारीक बारीक भेगा, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. कातडी खरखरीत, पांढुरकी, भेंडीच्या पानासारखी. मग सगळ्यांनाच हात पालथे करून पुढे धरायला लावले. ३८ मुलांपैकी १७ जणांचे हात कमीअधिक तसेच. एकाच्या अंगठ्याजवळ पूही झाला होता. ही मुलं रोज माझ्यासमोर बसतात, वह्या दाखवतात, आणि मी वहीच पाहत होते.

खरं सांगायचं तर एका मुलाचे हात मी चार दिवसांपूर्वी पाहिले होते. तिसरीतला. पाहिल्याबरोबर मनात आलं, खरूज. लागण होईल म्हणून त्याला वेगळ्या पट्टीवर बसवलं आणि घरी चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेच्या दारात उभी. "मॅडम, आमच्या घरी खाजखुजली कोनालेच नाई. पोट्ट्याले काहून वेगळं बसवलं?" मी तिला साथीच्या रोगांबद्दल चार शब्द सुनावले. ती काही न बोलता निघून गेली. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आल्याच होत्या. त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी एकेकाची बोटं फाकवून बेचक्यात पाहिलं, मनगटं पाहिली, शर्ट वर करून कंबर पाहिली. मग विचारलं, "रात्री झोपेत खाजवता का रे?" मुलं म्हणाली, नाई. "घरात आणखी कोणाला खाज आहे?" नाई. "मग होतं काय?" पहिलीतलं एक पोर म्हणालं, "आग होते. शाळेत धुतलं का लय आग होते."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मॅडम, ही खरूज नाही. खरूज असती तर बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ असतं, रात्री खाज वाढली असती, घरातली माणसंही खाजवत असती. हे धुण्यानं झालेलं आहे. साबण कोणता आहे?"

हापशीजवळ जुन्या मोज्यात घालून साबण टांगलेला होता. कावळे पळवतात म्हणून आम्ही तसं करतो. सिस्टरनी मोजा सोडला. आत कपड्याच्या साबणाचा निळा तुकडा. तो मीच आणला होता. अंगाच्या साबणाच्या वड्या आठवड्यातच संपत होत्या, अनुदान आलेलं नव्हतं, दिवाळीनंतर मी दहा रुपयांच्या वड्या आणून सुरीनं तुकडे करून ठेवले होते. साबण तो साबण, असं मला वाटलं होतं. अंगाचा साबण लवकर का संपतो, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारलाच नव्हता.

त्याचं उत्तर हापशीत होतं. आमचं गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. प्यायचं पाणी नळयोजनेचं, तेही दिवसाआड. हातपाय धुवायला शाळेच्या आवारातली हापशी, आणि तिचं पाणी असं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, घागरीला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. फेस आला नाही की पोरं आणखी साबण लावतात, आणखी घासतात, आणि चिकट साका हातावर तसाच राहतो. सिस्टरनी एका मुलाला माझ्यासमोर हात धुवायला लावला. धुवून झाल्यावर त्याच्या पेरांवरून माझं बोट फिरवलं. साबण लागत होता.

त्यांनी मला जे समजावलं ते मी आता दरवर्षी पालकसभेत सांगते. कातडीवर तेलाचा पातळ थर असतो आणि कातडीचा स्वभाव किंचित आंबट असतो. साबण त्याच्या उलट, खाराकडचा. कपड्याच्या साबणात सोडाही असतो, तो मळाबरोबर हा थरही ओढून नेतो. एकदा गेला तर कातडी तो परत भरून काढते. पण पुन्हा पुन्हा धुतलं तर तिला सवडच मिळत नाही. तळव्याची कातडी जाड असते, म्हणून आधी मागची बाजू फुटते. वर डिसेंबरची कोरडी थंड हवा, आणि ओले हात वाऱ्यावर वाळवायची मुलांची सवय.

"दिवसातून किती वेळा धुता?" त्यांनी विचारलं. मुलांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर माझा तक्ता होता. १५ ऑक्टोबरला, जागतिक हात धुवा दिनी लावलेला. हात धुतला की नावापुढे एक चांदणी. शिक्षकांच्या केंद्र बैठकीत त्याचं कौतुक झालं होतं. ज्या मुलीला खिचडी खाता येत नव्हती, तिचं नाव सगळ्यात वर होतं. ती दिवसाला नऊ-दहा वेळा हात धुवत होती.

मी तक्ता काढायला गेले तर सिस्टरनी थांबवलं. धुणं थांबवू नका म्हणाल्या. साबणानं हात धुतल्यानं जुलाबाचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं, हे त्यांनी तिथेच बजावलं. आमच्याकडे पावसाळ्यात दर वर्षी पाच-सहा मुलं जुलाबानं आडवी होतात, त्यामुळे मलाही ते पटलं. फक्त कधी धुवायचं ते ठरवायचं: शौचाहून आल्यावर, जेवणाआधी, आणि हात मळले असतील तेव्हा. जेवणानंतर नुसतं पाणी पुरतं.

त्याच दुपारी मुख्याध्यापक सरांनी दुकानातून अंगाच्या साबणाच्या वड्या आणि खोबरेल तेलाची बाटली आणली. हात धुण्यासाठी नळाच्या पाण्याचा वेगळा माठ भरून ठेवला. मुलांना रांगेत बसवून मी एकेकाचे हात धुतले, साका जाईपर्यंत पाणी ओतलं, न घासता रुमालानं टिपले आणि ओल आहे तोवरच तेल चोळलं. तेल लागताच काहींनी सुस्कारा सोडला. पू झालेल्या मुलाला सिस्टर सोबतच घेऊन गेल्या, दवाखान्यात दाखवायला. त्या मुलीला त्या दिवशी मावशींनी चमचा दिला.

संध्याकाळी मी तिसरीतल्या मुलाच्या घरी गेले. आजी ओट्यावर कापसातला कचरा वेचत होती. मी म्हटलं, "आजी, चूक माझी होती. त्याला खरूज नव्हती, मीच आणलेल्या साबणानं झालं." तिनं बराच वेळ मान वर केली नाही. मग नातवाला हाक मारली, त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता नीट पाहून घ्या." मी पाहिलं. मग तिनं विचारलं, तेल कोणतं लावायचं, रात्री लावलं तं चालते का. रात्री तर लावाच म्हटलं, जाडसर लावा.

संक्रांतीपर्यंत बहुतेक हात भरून आले. दोघांचे राहिले. त्यातल्या एकाच्या कोपराच्या लवणीतही लहानपणापासून चट्टे होते. दर्यापूरला डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, याची कातडी मुळातच कोरडी आहे, याला कायम जपावं लागेल. त्याला सौम्य साबण लिहून दिला. तो साबण माझ्या टेबलाच्या खणात असतो. खिचडीच्या घंटेआधी पाच मिनिटं तो येतो, न बोलता हात पुढे करतो, आधी पालथा, मग उताणा.