आपली टीम कुठली?

वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मी तोवर जायचे ती कबड्डीसाठी. यू मुंबाचे सामने तिथेच व्हायचे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या शुक्रवारी आत शिरले, तर मॅटच्या जागी लाकडी कोर्ट आणि त्यावर सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचे खेळाडू वॉर्मअप करताहेत. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिलावहिला सामना! पत्रकारांच्या रांगेत बसले, लॅपटॉप उघडला आणि कितीतरी वेळ एक अक्षर टाइप केलं नाही. नुसती बघत राहिले.

मराठी दैनिकांत बास्केटबॉलवर नियमित लिहिणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मी त्यात आले ती नागपाड्यामुळे. नवीन असताना स्थानिक स्पर्धा माझ्या गळ्यात पडायच्या. मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर संध्याकाळी दिवे लागले की गल्लीतली पोरं, दुकान पोराच्या हवाली करून आलेले चाचा, सगळे कोर्टाच्या कडेला उभे. भारताचे कर्णधार राहिलेले, अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. तिथल्या एका बुजुर्ग कोचनी मला स्कोअरशीट भरायला शिकवलं. मी चेंडूच्या मागे मान फिरवायचे. ते म्हणायचे, ‘‘बेटा, बॉल मत देखो. जिसके पास बॉल नहीं है, वो क्या कर रहा है, वो देखो.’’ स्क्रीन कोण लावतंय, म्हणजे सोबत्यासाठी बचावपटूची वाट कोण अडवतंय, कोपऱ्यात कोण मोकळा सुटतोय, हे मला तिथे दिसायला लागलं.

एनबीए मात्र कायम पहाटेची. साडेपाच-सहाला उठायचं, आवाज बारीक करून टीव्ही लावायचा, टिपणं काढायची. सामना आपल्याकडे सकाळी संपणार आणि माझी बातमी छापून येणार दुसऱ्या दिवशी, म्हणजे चोवीस तास शिळी. वर्षानुवर्षं हेच केलं. त्या रात्री पहिल्यांदा एनबीएची बातमी मला ताजी, समोर बसून द्यायची होती.

आणि नेमका दिवस कसला, तर विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी चालू, एल्गर आणि डी कॉकची शतकं झालेली. त्यात रात्री आरेमध्ये झाडं तोडायला सुरुवात झाल्याची बातमी आली. डेस्कवरून फोन आला, ‘‘पानावर जागा नाही गं. दोन कॉलमचं एक होईल. डाक आवृत्तीला साडेनऊला पान सोडणार.’’ डाक आवृत्ती म्हणजे बाहेरगावी जाणारी, शहर आवृत्तीच्या आधी छापली जाणारी.

माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये शाळकरी मुलं होती. त्या पहिल्या सामन्याला आलेले प्रेक्षक म्हणजे मुख्यतः तीच: ज्युनिअर एनबीए उपक्रमातल्या मुंबईच्या ७० शाळांमधली ३,०००हून जास्त मुलं. कुणीही बास्केट टाकली तरी ती ओरडत होती. यजमान-पाहुणे हा भेदच नाही. किंग्जच्या बडी हील्डने लांबून टाकला की कल्ला, पेसर्सच्या टी. जे. वॉरनने टाकला तरी तेवढाच कल्ला. असा आवाज मी कुठल्याही सामन्यात ऐकलेला नाही.

माझ्या अगदी जवळच्या खुर्चीवर सातवी-आठवीतली एक मुलगी होती. गुडघ्यावर मोठी खपली. पहिलं क्वार्टर संपताना तिने मला विचारलं, ‘‘ताई, आपली टीम कुठली?’’

मला पटकन उत्तर सुचेना. मग सांगितलं, की सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे आपल्या जुहूत वाढलेले. सोळाव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेले आणि २०१३ मध्ये त्यांनी हा संघ घेतला. ‘‘रणदिवे म्हणजे मराठी?’’ तिने खात्री करून घेतली. मग एकदम निवाडा दिल्यासारखं म्हणाली, ‘‘मग आपण सॅक्रामेंटो.’’ तिथून पुढे तिच्या रांगेतल्या आठ-दहा जणी फक्त किंग्जसाठी ओरडायला लागल्या.

ती बघत होती ते फार नीट बघत होती. तीन गुणांची रेषा शाळेपेक्षा मागे आहे हे तिने आपणहून ओळखलं. (आपल्याकडे ६.७५ मीटर, एनबीएत समोरून ७.२४.) मध्येच एक खेळाडू आपटला. ती म्हणाली, ‘‘बघा, दर वेळी चौघं येतात उचलायला.’’ आणि गुडघ्यावर हात ठेवून, ‘‘आमचं ग्राउंड डांबराचं आहे. मी पडले तेव्हा सरांनी म्हटलं, उठ, टाइम चाललाय.’’ त्यानंतर कोण पडतंय आणि कोण धावतंय, तेच मी बघायला लागले. चौघं येत होते. खरंच दर वेळी.

चौथ्या क्वार्टरमध्ये मी दोन इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची वाक्यं, लिहून ठेवले, एक किंग्ज जिंकल्याचा, एक पेसर्स जिंकल्याचा. वेळेची गोष्ट आली की आम्ही असंच करतो. आणि ४८ मिनिटांनंतर सामना बरोबरीत! पाच मिनिटांचा ओव्हरटाइम. दोन्ही इंट्रो तेवढ्यापुरते बाद, फोन वाजतोय, घड्याळात साडेनऊ होत आलेले. डेस्कला म्हटलं, पाच मिनिटं द्या. ते म्हणाले, तुझी पाच मिनिटं म्हणजे पंधरा. बरोबर होतं त्यांचं, बास्केटबॉलचं घड्याळ शिट्टी वाजली की थांबतं. डाक आवृत्तीत सामना बरोबरीत असल्याची चार ओळींची बातमी गेली.

पेसर्स १३२, किंग्ज १३१. वॉरन ३०, हील्ड २८. मुलगी बराच वेळ स्कोअरबोर्डकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘आपण एकानेच हरलो.’’ तिच्या बाईंनी रांग लावायला सांगितली, तशी ती गेली. नाव विचारायचं राहून गेलं. बातमीदाराने असं करू नये, हे मला कळतं.

शहर आवृत्तीसाठी साडेतीनशे शब्द पाठवले. शेवटचा परिच्छेद त्या मुलीचा होता, खपलीसकट. सकाळी पेपर उघडला, तर स्कोअर, वॉरन, हील्ड, रणदिवे, आणि तिथेच पूर्णविराम. बातमी कापतात ती तळापासून. रात्रपाळीच्या माणसाने नियमाप्रमाणे कापली, आणि त्या रात्री त्याच्या टेबलावर काय काय होतं हे मला माहीत होतं. तरी मला फार लागलं. चहा तसाच निवला.

शनिवारी दुसरा सामना झाला. पेसर्सनी १३०-१०६ असा सहज जिंकला. प्रेक्षक तिकिटं काढून आलेले, आवाज नेहमीसारखा. रात्री बातमी लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य टाकलं: ‘‘ताई, आपली टीम कुठली?’’ त्याखाली डांबराचं ग्राउंड, त्याखाली उचलायला धावणारे चौघं. स्कोअर तिसऱ्या परिच्छेदात. डेस्कवरून फोन आला, ‘‘अगं, आकडे एवढे खाली?’’

म्हटलं, कापायचं असेल तर तळापासून कापा.