आधी देवी, मग दगडं

बदामी, शनिवार, रात्र.

सासूबाई झोपल्यात. पाय चेपून देते म्हटलं तर "मला काय धाड भरलीय?" म्हणाल्या आणि पाठ टेकताच घोरायला लागल्या. सोलापूरहून निघताना बेत एवढाच होता: बनशंकरीचं दर्शन, खणानारळाने ओटी, परतीची गाडी. कुलदेवी त्यांच्या माहेरचीही आणि सासरचीही. दिवसभरासाठी गाडी करून ऐहोळे-पट्टदकलची जुनी दगडी देवळं बघायचं खूळ माझं, आणि सोबत गाईड घ्यायचा हट्टही माझाच. "दगडं दाखवायला माणूस लागतो?" हे कालपासून ऐकतेय. शेवटी तह झाला तो "आधी देवी, मग दगडं" या अटीवर.

त्यामुळे उजाडता उजाडता बनशंकरी. सिंहावरची अष्टभुजा देवी, समोर ते मोठं तळं. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून ज्वारीच्या पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही बांधून घेतलं. ड्रायव्हर अण्णा अबोल. गाईड मात्र पुढच्या सीटवर बसल्यापासून मागे वळूनच बोलत होता, तेही मराठीत. कानडी हेल, पण अडत नव्हता. "सोलापूर-सांगलीची लोकं लई येत्यात ताई, त्यांनीच शिकिवलं."

त्याचं पहिलं वाक्य इथल्या सगळ्याच गाईडांचं असावं: ऐहोळे म्हणजे प्राथमिक शाळा, बदामी हायस्कूल, पट्टदकल विद्यापीठ. इथल्या जुन्या राजांचे, चालुक्यांचे कारागीर ऐहोळ्यात शिकले आणि पट्टदकलला पास झाले. सासूबाईंना हे फार पटलं. मला नाही. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा लेख आहे, शके 500, म्हणजे इ.स. 578 चा. आणि ऐहोळ्याची लाडखान, दुर्ग ही देवळं आता बरेच अभ्यासक सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या सुरुवातीला नेतात. म्हणजे पहिलीतलं पोर हायस्कूलच्या मास्तरांपेक्षा शंभरेक वर्षांनी लहान! मी हे गाडीतच बोलून दाखवलं. गाईड हसला, काही बोलला नाही.

लाडखानच्या देवळात मात्र त्याने बरोबर वर बघायला लावलं. उतरत्या छपराच्या मोठमोठ्या शिळा, आणि दोन शिळांच्या सांध्यावर ओंडक्यासारखी लांबच लांब दगडी पट्टी. सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून. लाकडाचं घर बांधणाऱ्याचा हात दगडात तसाच उतरलाय. मी मान दुखेपर्यंत बघत राहिले. पुढे दुर्ग देवळात सासूबाईंनी देवी कुठेय म्हणून चौकशी केली. नाव आजूबाजूच्या तटबंदीवरून पडलंय हे कळल्यावर हिरमुसल्या, पण प्रदक्षिणेच्या वाटेवर कोनाड्यात महिषासुरमर्दिनी सापडली तेव्हा पर्समधलं कुंकू बाहेर निघालं. राखणदाराने हात जोडून ते परत पर्समध्ये ठेवायला लावलं.

मेगुती टेकडी गाईडला टाळायची होती. "वर काय नाही ताई, ऊन लागंल." पण मी आले होते त्याचसाठी. सासूबाईंना अण्णांबरोबर सावलीत बसवलं आणि चढले. वरचं जैन मंदिर अर्धवट, रुक्ष म्हणावं असं. पण त्याच्या पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा लेख आहे, शके 556, इ.स. 634 चा. भाषा संस्कृत, लिपी जुनी कानडी, त्यामुळे मला एक अक्षर लागलं नाही. फोनमध्ये श्लोक उघडून नुसती ओळींवरून नजर फिरवत होते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, त्याने उत्तरेच्या हर्षाला दिलेली हार, आणि नव्व्याण्णव हजार गावं असलेल्या तिन्ही महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, तो अधिपती झाला, हे सगळं याच भिंतीवर. शेवटी हे कविराज स्वतःला कालिदास आणि भारवींच्या पंक्तीला बसवून मोकळे होतात. बढाई खरी, पण त्या बढाईमुळेच कालिदास 634 च्या आधीचा हे पक्कं सांगता येतं. गाईडही तोवर खाली बसून घाम पुसत ऐकत होता. म्हणाला, "हे तर मला कुणी विचारतच नाई."

जेवण पट्टदकलच्या आवाराबाहेर, झाडाखाली. चटणी खाऊन सासूबाईंचा निकाल: "बरी आहे. आपल्या सोलापूरची सर नाही."

पट्टदकलला उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड शिखरं शेजारी-शेजारी उभी आहेत, मलप्रभेच्या काठी. विरूपाक्षाचं देऊळ बांधलं राणी लोकमहादेवीने, नवऱ्याने, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याने, पल्लवांची कांची जिंकली म्हणून. शेजारचं मल्लिकार्जुन दुसरी राणी त्रैलोक्यमहादेवीचं.

"ह्या दोघी सवती का बहिणी?" सासूबाई.

"दोन्ही, आजी."

"मग दोन देवळं होणारच. धाकटीचं कुठलं?"

"हे जरा लहान हाय ते."

सासूबाईंनी मान हलवली. दिवसभरातली त्यांना सगळ्यात पटलेली गोष्ट ही. मला आवडलं ते वेगळंच: विरूपाक्षाच्या लेखात सूत्रधाराचं, म्हणजे देऊळ बांधणाऱ्या मुख्य कारागिराचं, नाव आहे, गुंड, आणि त्याला मिळालेली त्रिभुवनाचारी ही पदवीही. आणि ज्या विजयासाठी हे देऊळ उभं राहिलं, त्या विजयात विक्रमादित्याने कांचीच्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती देवाला परत केली. तसा कानडी लेख कांचीतच आहे. गाईडने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जरा चढला होता. चढू दे की.

बदामीची लेणी उरकलीच म्हणायची. माकडांनी सासूबाईंच्या पिशवीवर डोळा ठेवला होता, त्यामुळे अठरा हातांचा नटराज बघताना निम्मं लक्ष पिशवीत. ही लेणी परत, एकटीने.

उतरताना पैसे देताना मी गाईडला पुन्हा छेडलं, ते शाळा-कॉलेजचं सोडा, तारखा सांगत जा. तो म्हणाला, "ताई, तारखा सांगितल्या की लोकं मोबाईल बघत्यात. शाळा म्हटलं की ऐकत्यात."

"मला तर शाळेचंच कळलं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त त्याच्या हातावर ठेवले. माझ्या पर्समधून.