क्षौम म्हणजे रेशीम नव्हे

जुन्या पोथ्यांच्या मराठी भाषांतरांत 'क्षौम' शब्द आला की समोर सर्रास 'रेशमी वस्त्र' लिहिलेलं असतं. तसा अर्थ पुढे रूढ झाला हे खरं, पण शब्दाचं मूळ रेशमात नाही, जवसात आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात अतसी, उमा आणि क्षुमा ही एकाच झाडाची, म्हणजे जवसाची नावं. अतसीची आपली अळशी झाली आणि क्षुमेच्या धाग्याचं ते क्षौम.

अमरकोश कापडाची चार उगमस्थानं सांगतो: साल, फळ, किडा आणि लोकर. कापूस फळातला, कौशेय किड्याच्या कोशातलं, आणि क्षौम सालीतलं, म्हणजे 'वाल्क'. 'वल्क' म्हणजे साल, आणि हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे. अंबाडी भिजवून सोललेल्या धाग्याला आपण वाख म्हणतो, तो त्यातूनच आला. पैठणीचं रेशीम कौशेय, दावं वळायचा वाख वाल्क, आणि क्षौम या वाखाचा नाजूक भाऊ.

घोटाळा होतो तो अशी नावं हळूहळू धागा सोडून तलमपणाला चिकटतात म्हणून. ग्रीकांचा 'बिसोस' शब्द सेमिटिक भाषांतल्या 'बूस'वरून आला. इजिप्तच्या ममी ज्यात गुंडाळत ते तलम जवसाचं कापड म्हणजे बिसोस. पुढे तेच नाव भूमध्य समुद्रातल्या मोठ्या शिंपल्याच्या सोनेरी तंतूंना मिळालं. 'सिंदोन' या ग्रीक शब्दाचंही तेच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तो ममीच्या कापडासाठी वापरतो, तर पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या समुद्री व्यापाराच्या ग्रीक पुस्तकात तगरहून, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या तेरहून, भडोचला जाणाऱ्या मलमलीला तोच शब्द आहे. तेरची मलमल मात्र कापसाची. म्हणून जुना शब्द वाचताना आधी विचारावं: धागा कशातून काढलेला?

मराठवाड्यात जवस रब्बीत घेतात, पण चटणीसाठी आणि तेलासाठी. हे वाण बुटके आणि फांद्या फुटणारे असतात. जिथे फांदी फुटते तिथे धागा तुटतो. धाग्याचा वाण उंच असतो आणि दाट पेरतात, म्हणजे काडी सरळ वाढते. तरीही आपल्या काडीतून धागा निघतो, लांबी कमी मिळते एवढंच.

फुलं गळून महिनाभर झाला आणि काडीचा खालचा तिसरा हिस्सा पिवळा पडला, की झाड मुळासकट उपटायचं. विळा लावला तर बुडाचा धागा वाया जातो. बोंडं पूर्ण तपकिरी होईपर्यंत थांबलात तर बी भरतं, पण धागा राठ होतो. दोन्ही एकाच वेळी उत्तम मिळत नाही.

बोंडं काढून काड्यांच्या सैल पेंढ्या बांधा आणि टाकीत उभ्या, दगडाखाली दाबून बुडवा. विहिरीत नको. पाणी नासतं, ते जनावरंही पिणार नाहीत. जिवाणू सालीतला पेक्टिन, म्हणजे धाग्यांना काडीशी चिकटवणारा डिंक, खातात. मार्चच्या उन्हात चार-सहा दिवस पुरतात, थंडीत जास्त लागतात. तिसऱ्या दिवसापासून रोज एक काडी वाळवून मधोमध मोडून बघा. आतलं लाकूड कटकन मोडून साल शेंड्यापर्यंत सलग सुटली, तर त्याच दिवशी बाहेर काढा. लवकर काढलं तर लाकडाचे तुकडे धाग्याला चिकटून राहतात, ते पुढे कितीही विंचरलं तरी जात नाहीत. एक दिवस जास्त झाला तर धागा ओढताच कापसासारखा तुटतो. पहिली चूक पुन्हा भिजवून सुधारते, दुसरी सुधारत नाही.

मग कडक वाळवायचं, मोगरीने कुटायचं, बोथट लाकडी पट्टीने भुसा झाडायचा आणि खिळ्यांच्या फणीतून शेंड्याकडून सुरुवात करून विंचरायचं. बुडापासून सुरू केलं तर गुंता होतो. फणीत अडकलेला आखूड पुंजका टाकू नका, त्याचं जाडं सूत होतं. हातात राहिलेली फिकी, चकचकीत, गार लागणारी लड म्हणजे क्षौमाचा धागा. तिची चमक पाहिली की पुढे लोकांनी क्षौमाला रेशीम का म्हटलं असेल, ते कळतं.