तुम्ही विचारलंत म्हणून: डब्यावरचं नाव

"तुमच्या घरातल्या पोरांना घराण्याची एवढी माहिती कशी काय? आमची तर दोन मिनिटं जागेवर बसत नाहीत." लग्नकार्यात, भिशीत, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनीही मला हे विचारलं. दर वेळी घाईत काहीतरी सांगते, म्हणून आज नीट लिहिते.

आधी मीही पोरांना ओळीनं बसवून वंशावळ सांगायचे. पणजोबा, खापरपणजोबा, कुणी विहीर पाडली, कुणी जमीन विकली. पोरं मान डोलवायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरायची. चूक त्यांची नव्हती. ठरवणारी मी, सांगणारी मी, त्यांच्या वाट्याला नुसतं ऐकणं. मग एका मे महिन्यात खटाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी सगळी भाचरंपुतणी जमली होती, वयं दहा ते एकोणीस. माडीची किल्ली मी थोरल्या पुतणीच्या हातात दिली. म्हटलं, या सुट्टीत घराचा इतिहास शोधायचा, पण कसा ते तुम्ही ठरवा. आम्ही मोठी माणसं विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

त्यांनी ठरवलं ते मला कधी सुचलं नसतं: भांडी वाचायची. आपल्याकडे ताट-तांब्यापासून घागरीपर्यंत सगळ्यावर नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कधी. दोन गट पडले. ज्याला जास्त जुनं साल सापडेल तो गट जिंकला. दुपारभर माडीवर नुसता खणखणाट.

त्यात एक पितळी डबा निघाला, काळाकुट्ट. पोरांनी चिंच-मीठ लावून घासला तेव्हा झाकणाच्या कडेला ठिपके दिसले. तेव्हा नाव ठोकून घालायचे, एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांचं. नजरेला लागेना, म्हणून धाकट्या भाचीनं वर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी फिरवली. कागदावर हळूहळू अक्षरं उमटली: एका मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, गाव. या नावाची बाई आमच्या घराण्यात नव्हतीच. कागद घरभर फिरला. शेवटी माझी आई, आता त्र्याऐंशीची, तो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "अगं, हे तर आत्याबाईंचं माहेरचं नाव. लग्नात बदललं ना."

आत्याबाई म्हणजे आईच्या सासूबाई, माझी आजी. तिच्या मांडीवर मी वाढले आणि तिचं पहिलं नाव मला साठीला आल्यावर कळलं. लहानपणी आमच्याकडे हेळवी यायचा, बैलावर बसून. घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा. त्यातली मला आठवतात ती सगळी नावं पुरुषांची आहेत. त्या रात्री पोरींनी वंशावळीचा तक्ता नव्यानं काढला. प्रत्येक सुनेच्या नावाखाली तिचं माहेरचं नाव आणि गाव. सहा जागा अजून रिकाम्या आहेत.

दुसरा बेत थोरल्या पुतण्याचा. शाळा सोडल्याचे दाखले चाळताना त्याच्या लक्षात आलं की घरातल्या पाच जणांची जन्मतारीख 1 जून आहे. जून महिन्यात शाळेत घालायला आणलेल्या पोराची तारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी सरळ 1 जून टाकायचे. पोरांनी दोन गोष्टी ठरवल्या. 1 जूनला पाचही जणांचा एकत्र वाढदिवस करायचा, आणि तोवर प्रत्येकाची खरी तारीख शोधायची.

माझ्या धाकट्या भावाची अशी सापडली. दाखल्यावर 1 जून 1966. आई म्हणाली, "कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे ह्याला दुपट्यासकट उचलून अंगणात पळाले, दातसुद्धा आले नव्हते." भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. म्हणजे दाखला चुकीचा. मग पोरांनी विचारलं, पाचवी कधी पुजली? "गौरी जेवल्या त्या दिवशी." त्यांनी मोबाइलवर 1967 चं पंचांग काढलं आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर येऊन थांबली. माझा भाऊ कागदावरच्या तारखेमुळे सव्वा वर्ष आधी निवृत्त झाला होता. तो बराच वेळ गप्प बसला, मग केक कापायला उठला.

तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्यांना साल विचारू नका. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होतात, खडी फोडायला कोण बरोबर होतं, तिथं खायला मिळायची ती सुकडी कशी लागायची, असं विचारा. साल आपोआप बाहेर येतं. आमच्या पोरांनी चुलतीला विचारून तशी सुकडी करूनही पाहिली. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, गूळ जास्त झाला, आम्हाला एवढा कुठला.

एक मात्र सांभाळा. चुलतीला भाच्यानं सहज विचारलं, तुला मुलं किती? ती थांबली. तिचं पहिलं मूल अडीच महिन्यांचं असताना गेलं, ते आम्ही मोठ्यांनी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. भाच्यानं रेकॉर्डिंग बंद केलं आणि तिच्याजवळ बसून राहिला. तेव्हापासून पोरांचा नियम आहे: फोन मध्ये ठेवायचा तो विचारून, आणि कुणी थांबलं की आपणही थांबायचं.

कागदपत्रांचं काम सावकाश चाललंय. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळते. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. म्हणून एक भाची मोडी शिकतेय. रोज रात्री एक ओळ गिरवते आणि फोटो पाठवते.

या दिवाळीत सगळ्यांनी मिळून आजीच्या माहेरी जायचं ठरलंय, तिचं ते नाव आठवणारं कुणी उरलंय का बघायला. जायचं कसं, विचारायचं कुणाला, सगळं पोरांनीच ठरवलंय. डबाही बरोबर न्यायचा म्हणतात. आईनं परवाच कल्हईवाल्याचा पत्ता काढायला लावला. म्हणाली, "माहेरी रिकामा डबा न्यायचा नसतो. लाडू मी वळते."