काचेचा गोळा

‘आते कागदच नही भाऊ, ते उडी काय?’

अमळनेरच्या अडत दुकानात आबांनी गल्ल्यावरचा पेपरवेट सरळ रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकला. आत रंगीत फुलं, मधोमध हवेचा एक बुडबुडा. लहानपणी तो गरगर फिरवला म्हणून मी बोलणी खाल्लीत.

आबांचं हे वाक्य दिवसभर डोक्यात. असे गोळे आलेच मुळी कागद वाढला तेव्हा. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं, कागदही स्वस्त होत गेला, साध्या घरांतही लिहायची हौस आली. फ्रान्समध्ये बाकारा, क्लिशीच्या कारखान्यांनी १८४५च्या सुमारास रंगीत काचेच्या कांड्यांचे काप मांडून, वितळल्या काचेत कोंडून असे गोळे केले. पत्रांच्या मेजाची मिरवण!

आमच्याकडे तो कापसाच्या पावत्यांवर बसला, फुल स्पीड पंख्याखाली.

आबांकडून तो मागून घरी आणलाय. खाली ठेवायला लाइटबिल शोधलं, तर तेही मोबाइलवर. तुमच्याकडचा कशावर बसलाय?