नको असलेली खाती

पावसाळ्यात म्हापशाच्या आमच्या सायबर कॅफेत गिऱ्हाईक कमी होते, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये साचलेली सभासदांची खाती निवडायला सवड मिळते. प्रत्येक खात्यासमोर नाव, आगाऊ भरलेल्या पैशांतली शिल्लक आणि माणूस शेवटचा कधी बसला ती तारीख दिसते. तारखेच्या रकान्यावर टिचकी मारली की विस्मरणात गेलेली मंडळी वर येतात : शुक्रवारच्या बाजाराला हणजूणहून आलेले आणि बोर्डिंग पास छापून कायमचे गेलेले परदेशी पाहुणे, परीक्षेचा अर्ज भरण्यापुरते आलेले विद्यार्थी, आणि पासवर्ड विसरल्यामुळे दर खेपेला नव्याने जन्म घेणाऱ्या ‘प्रिया’, ‘प्रिया१’ आणि ‘प्रियान्यू’.

“काका, सगळी सिलेक्ट करून डिलीट मारू?” असे पुतण्या विचारतो. त्याची घाई मला समजते. पण बरेच दिवस न आलेला माणूस नकोसा असतोच असे नाही. एखाद्याच्या खात्यात सात रुपये उरलेले असतात, आणि ते खाते पुसणे म्हणजे त्याचे देणे बुडवणे होय. रक्कम किरकोळ असली तरी सात रुपयांसाठी वाद घालायला येणारा माणूस किरकोळ नसतो.

शिवाय कायदा आहेच. केंद्र सरकारच्या 2011 च्या नियमांनुसार सायबर कॅफेत बसणाऱ्याची ओळख तपासावी लागते आणि त्याची नोंद किमान एक वर्ष सांभाळावी लागते. काही सॉफ्टवेअरमध्ये खाते पुसले की त्यामागचा वापराचा इतिहासही जातो, किंवा नोंद उरते आणि नाव तेवढे गळते. मग उद्या कोणी चौकशीला आले, तर दाखवायला नुसते आकडे राहतात. म्हणून मी आधी डेटाबेसची प्रत काढतो, खाते नुसते बंद करून ठेवतो आणि मुदत उलटल्यावर, शिल्लक शून्य असेल तरच, पुसतो.

विंडोजमध्येच खाती उघडलेली असतील तर आणखी जपावे लागते, कारण विंडोज खाते नावाने ओळखत नाही, त्यामागच्या लांबलचक क्रमांकाने ओळखते. पुसलेले खाते त्याच नावाने पुन्हा उघडले तरी क्रमांक नवा पडतो, आणि जुन्या खात्याचे अधिकार त्याला आपोआप मिळत नाहीत.

एवढा विचार ज्याच्या बाबतीत करू नये असे खाते मात्र एकच : काम सोडून गेलेल्या मुलाचे. त्याला व्यवस्थापकाचे अधिकार दिलेले असतात, त्यामुळे दर बदलणे, मित्रांना फुकट वेळ देणे, इतकेच नव्हे तर नोंदी खोडणेही त्याच्या हातात राहते. शेवटचा पगार चुकता होतो त्याच संध्याकाळी मी ते बंद करतो, आणि काउंटरवरचा सगळ्यांना पाठ झालेला पासवर्डही त्याच बैठकीत बदलतो.